सांडपाणी शेतात सोडण्यापूर्वी

महोदय,

मार्च उजाडला की वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतलेल्या भाताला, पाणी कमी पडते आणि शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी खाडीत वाहून जाते. ते शेताला द्या ही मागणी रास्तच. पण नुसती पाइपलाइन टाकून भागणार नाही.

किनाऱ्यालगतच्या गटारवाहिन्यांत भरतीचे खारे पाणी सांध्यांतून झिरपते, आणि नेहमीच्या शुद्धीकरणात मीठ निघत नाही. म्हणून पंपाशेजारी वाहकता, म्हणजे पाण्याचा खारेपणा, मोजणारे मीटर हवे. आकडा 2 डेसिसायमन प्रति मीटरपुढे गेला की झडप बंद. माड सोसतो, पोफळी करपते.

ठिबकला तर हे पाणी फारच छळते. 120 मेशचा, म्हणजे बारीक जाळीइतका गाळणारा, चकत्यांचा डिस्क फिल्टर लावूनही नळीत बुळबुळीत थर धरतो आणि ड्रिपर एकेक करून बंद पडतात. हा थर रोखायला शेवटच्या ड्रिपरशी लिटरमागे 1 मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे. टाकीशी मोजून उपयोग नाही. नळ्यांची टोके पंधरवड्याने उघडून गाळ जाऊ द्यावा.

लिटरला 10 मिलिग्रॅम नत्र असेल, तर लाख लिटरमागे 1 किलो नत्र, म्हणजे दोन किलोंहून जास्त युरिया फुकट मिळतो. खत टाकताना तेवढा हात आखडला नाही तर भात आडवे पडते. कच्ची खायची काकडी, मुळा, कोथिंबीर मात्र या पाण्यावर नकोच.

– एक वाचक, ताळगाव