स्नोलिनचं गाणं रत्नागिरीने ऐकायला हवं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत रॅपवर जो लेख आला तो मी दोनदा वाचला आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. लेखकांचं म्हणणं असं की ही पोरं अमेरिकेची नक्कल करतात, गाण्यात उगाच राजकारण घुसवतात, चाल नाही काही नाही, नुसती बडबड. ठीक आहे, प्रत्येकाला मत असतं. पण अख्ख्या लेखात एकाही अल्बमचं नाव नाही, एकाही गाण्यात काय म्हटलंय त्याचा उल्लेख नाही, मग न ऐकता लिहिलंय असं वाचकाला वाटलं तर त्यात वाचकाची काय चूक?

म्हणून मी एका अल्बमबद्दल सांगते. नाव 'तेरुक्कुरल', साल २०१९, रॅपर अरिवु आणि संगीत ऑफ्रोचं. अरिवु तमिळनाडूतल्या अरक्कोणमचा, आणि हा त्याचा पहिलाच अल्बम. मला तमिळ येत नाही, ऑफिसमधल्या एका तिरुनेलवेलीच्या मैत्रिणीने बाजूला बसून ओळ न् ओळ समजावून सांगितली, आणि एक गाणं लागल्यावर मी तिला म्हटलं थांब, हे परत लाव. त्या गाण्याचं नाव 'स्नोलिन'.

स्नोलिन ही थुतुकुडीची (तुतिकोरीनची) मुलगी. २२ मे २०१८ ला तिथल्या स्टरलाइट कंपनीच्या तांब्याच्या कारखान्याविरुद्ध लोक कलेक्टर ऑफिसवर मोर्चा घेऊन गेले, आंदोलनाचा तो शंभरावा दिवस होता, कारखान्याची क्षमता चार लाख टनांवरून दुप्पट करायचं चाललं होतं आणि लोकांना आधीच श्वास घेणं मुश्किल झालेलं. पोलिसांनी गोळीबार केला. १३ माणसं गेली. स्नोलिन ही त्यातली सगळ्यात लहान. पुढे न्यायमूर्ती अरुणा जगदीशन आयोग बसला, २०२२ मध्ये त्याचा अहवाल विधानसभेत ठेवला गेला, त्यात पोलिसांवर स्पष्ट ठपका आहे, गोळीबार करावा अशी काही परिस्थितीच नव्हती असं त्यात म्हटलंय. पण अहवाल यायला चार वर्षं लागली. गाणं वर्षभरात आलं होतं.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं तमिळनाडूतलं, आपल्या पेपरचा काय संबंध. संबंध आहे, आणि तो रत्नागिरीचा आहे म्हणूनच मी एवढी कळवळून लिहितेय. हा स्टरलाइटचा कारखाना आधी आमच्याकडे होणार होता! झाडगावला एमआयडीसीने पाचशे एकर जागा दिली होती, बांधकामही सुरू झालं होतं. आंबा जाईल, मासळी जाईल म्हणून लोक रस्त्यावर उतरले, बागायतदार, मच्छीमार, बायका, सगळे, वर्षभर ते चाललं आणि जुलै १९९३ मध्ये कलेक्टरांनी कंपनीला काम थांबवायला सांगितलं. आमच्या घरात अजूनही ती गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, माझी आत्या त्या मोर्च्यांना जायची. अभिमान वाटायलाच पाहिजे, वाटतोही. पण कारखाना हवेत विरला नाही ना. तो थुतुकुडीला गेला, १९९४ मध्ये तिथे जयललितांच्या हस्ते पायाभरणी झाली. आम्ही जे नको म्हटलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारात गेलं, मन्नारच्या आखातालगत, तिथेही मच्छीमारच राहतात. २०१३ मध्ये गॅसगळतीच्या तक्रारी झाल्या, त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने प्रदूषणाबद्दल शंभर कोटींची भरपाई भरायला लावली, कारखाना मात्र कायमचा बंद झाला नाही. आणि २०१८ ला गोळ्या. त्यानंतर कुठे तमिळनाडू सरकारने टाळं ठोकलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कारखाना पुन्हा उघडायला परवानगी नाकारली.

रत्नागिरीत किती जणांना हे माहीत आहे? मी गावी विचारून बघितलं, १९९३ चं सगळ्यांना आठवतं, पुढचं फार थोड्यांना. स्नोलिनचं नाव तर कुणीच ऐकलेलं नाही. मलाही ते त्या गाण्यामुळे कळलं. तुमच्या लेखकांनी ज्याला बडबड म्हटलंय त्या गाण्यामुळे.

राजकारण घुसवलं म्हणता, तर अरिवु कुठून आला तेही बघा. त्याची आजी वल्लियम्मल आणि घरातली माणसं श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांवर राबली आणि नंतर परत आली तेव्हा इथे नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. पा. रंजित या दिग्दर्शकाने आणि संगीतकार तेनमाने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' नावाचा बँड उभा केला, जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, अरिवु त्यातूनच पुढे आला. चेन्नईच्या दलित वस्त्यांमध्ये मयताला गायलं जाणारं 'गाणा' नावाचं संगीत, रॉक आणि रॅप, असं सगळं हे लोक एकत्र आणतात. तिथलं परई हे वाद्य म्हणजे आपल्या हलगीचं भावंडच, दोन काठ्यांनी वाजवायचं, आणि वाजवणाऱ्याला गावाबाहेर ठेवायचं हेही तसंच. अशा माणसाने पहिला अल्बम केला तर त्यात जात येणार, जमीन येणार, पोलीस येणार. तो काही बाहेरून आणून चिकटवत नाहीये, त्याच्या घरातलंच सांगतोय.

अल्बममध्ये 'अँटी इंडियन' नावाचं एक गाणं आहे. तमिळनाडूत कुठलाही प्रश्न विचारला की हा शिक्का मारायची पद्धत पडली होती, त्याने तो शिक्काच उचलून गाण्याचं नाव करून टाकलं. मला हे धाडस फार मोठं वाटतं, कारण हा त्याचा पहिलाच अल्बम होता. आणि नुसती घोषणाबाजी आहे असंही नाही, माझ्या मैत्रिणीच्या म्हणण्याप्रमाणे यमकं इतकी घट्ट बसवलीत की ऐकताना शाळेत पाठ केलेली जुनी तमिळ पद्यं आठवतात. काही गाण्यांत बीट एवढं पुढे येतं की शब्द मागे पडतात, हे मला खटकलं, आणि अशी तक्रार मला तुमच्या पानावर वाचायला आवडली असती. पण त्यासाठी आधी ऐकावं लागतं.

नक्कल वगैरेबद्दल एवढंच, की संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर हे शाहीर डफ घेऊन मैदानं गाजवत होते, आंबेडकरी जलसे गावोगाव फिरत होते, वामनदादा कर्डकांची गाणी आजही लोकांच्या तोंडात आहेत. बोलल्यासारखं गाणं आणि सत्तेला तोंडावर विचारणं हे मराठी माणसाला कुणी अमेरिकेतून येऊन शिकवायची गरज नाही. मग आजच्या पोरांनी तेच केलं की आपण नाक का मुरडतो?

आणि आपल्याकडे रॅपर पेपरात कधी येतो तेही बघा. २०२३ मध्ये राज मुंगसे या छत्रपती संभाजीनगरच्या रॅपरवर पन्नास खोक्यांच्या गाण्यावरून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला, तेव्हा सगळ्या पेपरांत फोटो. गुन्ह्याची बातमी आली, कोण काय म्हणालं ते आलं, गाणं गाणं म्हणून कसं आहे यावर कुठे चार ओळी आल्या का? मला तरी दिसल्या नाहीत. पोरगा गातोय तोपर्यंत मनोरंजन पुरवणीतही जागा नाही आणि पोलीस दारात आले की पहिल्या पानावर, हे मला अजिबात पटत नाही.

अरिवुच्या बाबतीत तर नाव झाल्यावरसुद्धा हेच घडलं. २०२१ मध्ये त्याचं 'एन्जॉय एन्जामी' देशभर वाजलं, शब्द त्याचे, गोष्ट त्याच्या आजीची, आणि रोलिंग स्टोन इंडिया या संगीताच्या मासिकाच्या कव्हरवर दुसरे कलाकार, हा नाही. पा. रंजित यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, बराच गदारोळ झाला, मग नंतर त्याचं वेगळं कव्हर आलं. जो माणूस बोचरं बोलतो त्याचं गाणं सगळ्यांना हवं असतं, तो मात्र फोटोत नको असतो.

आमच्या जिल्ह्यातही गोळी चालली आहे हो. एप्रिल २०११, जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धचं आंदोलन, साखरी नाटे, एक तरुण गेला. नंतर रिफायनरीविरुद्ध नाणार झालं, बारसू झालं, २०२३ मध्ये सड्यावर बायका उन्हात आडव्या पडलेल्या सगळ्यांनी मोबाईलवर बघितल्या. साखरी नाट्याच्या त्या तरुणाचं नाव मी माझ्या भाच्याला विचारलं, कॉलेजात आहे तो, त्याला माहीत नाही. थुतुकुडीतल्या त्याच्याच वयाच्या मुलांना स्नोलिन माहीत आहे, माझी मैत्रीण सांगते की तिच्या गावाकडे पोरं हे गाणं स्टेटसला ठेवतात.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. पुरवणीत महिन्यातून एकदा तरी अशा अल्बमवर नीट लिहून घ्या, ज्याने ऐकलंय त्याच्याकडून, भाषा येत नसेल तर भाषा येणाऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन. अमरावतीपासून मुंबईपर्यंत मराठीत रॅप करणारी कितीतरी पोरं आहेत, त्यांचंही ऐका. आणि सुरुवात 'तेरुक्कुरल'पासून केलीत तर त्याच पानावर १९९३ च्या रत्नागिरीच्या आंदोलनाच्या तुमच्या जुन्या अंकांतल्या बातम्या परत छापा. त्या वेळी मोर्च्यात असलेली बरीच माणसं अजून आहेत, बोलायला तयार आहेत, माझ्या आत्याला तर मी विचारूनही ठेवलंय.

आपली एक नियमित वाचक,
रत्नागिरी