हायब्रिडचा सुवर्णमध्य पुण्यापुरताच

मा. संपादक,
स. न.

परवाच्या पुरवणीतला आयटीवाल्यांच्या वर्क फ्रॉम होमवरचा लेख वाचला. कालच लिहिणार होतो पण डोकं तापलेलं होतं म्हणून एक दिवस थांबलो. थांबून फार फरक पडला नाही.

लेखकसाहेबांनी शेवटी निकाल देऊन टाकलाय की तीन दिवस ऑफिस आणि दोन दिवस घर हाच सुवर्णमध्य. कोणाचा मध्य साहेब? ज्याचं घर बाणेर-वाकडला आहे त्याचा. मी अमळनेरचा. आठवड्यात तीन दिवस हिंजवडीत तोंड दाखवायचं म्हणजे पुण्यात रूम घ्यावीच लागते, डिपॉझिट भरावंच लागतं, मेस लावावीच लागते, म्हणजे भाडं पूर्ण महिन्याचं आणि घर मात्र दोन दिवसांचं, तेही शनिवार-रविवारला जोडून आले तर. आमच्यासाठी हायब्रिड म्हणजे फुल ऑफिसच, फक्त नाव गोड.

त्यात ट्रिप डॉट कॉम या चिनी ट्रॅव्हल बुकिंग कंपनीतल्या अभ्यासाचा दाखला. तो नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात २०२४ ला आलेला, सोळाशेच्या वर लोक, दोन दिवस घरून काम दिलं तर नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि काम काही घसरलं नाही. बरोबर आहे, मी नाही म्हणतच नाही. पण ते लोक शांघायच्या ऑफिसात रोज जाऊ शकणारे होते. तिथल्या कोणाला धुळ्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची नव्हती.

आता माझंच सांगतो. कंपनीचा (नाव नको) मेल आला, तीन दिवस यायचंच, कार्डचे स्वाइप मोजणार, अप्रेझलला, म्हणजे वर्षाच्या कामाचं मूल्यमापन होतं तेव्हा, बघणार. ठीक आहे म्हटलं. ताथवड्याला रूम घेतली, बॅग भरली, सोमवारी पोचलो तर बसायला खुर्ची नाही! सगळे घरी होते तेव्हा कंपनीने भाडं वाचवायला मजले सोडून दिले, आता सीट ॲपवर आदल्या दिवशी बुक करायची, आणि ती पण पुण्यातली पोरं घरी बसल्या बसल्या आधीच बुक करून टाकतात. ॲडमिनवाला एकदम प्रेमाने म्हणे, सर तोवर कॅन्टीनमध्ये बसा. बसलो. मागे कुकरच्या शिट्ट्या, कानात हेडफोन, टीममधले दोघे हैदराबादला, एक कोचीला, मॅनेजर बेंगळुरूला, क्लायंट अमेरिकेत. स्टँडअप कॉल, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, सुरू झाला आणि मॅनेजर म्हणतो, अरे तुझ्याकडून आवाज फार येतोय, जरा शांत जागा बघ ना. शांत जागा अमळनेरला होती साहेब, तुमच्याच मेलमुळे कुलूप लावून आलो! हे तोंडावर आलं होतं, पण अप्रेझल जवळ होतं.

कंपन्यांच्या शब्दाचं तर बोलायलाच नको. टीसीएसने २०२० मध्ये गाजावाजा करून सांगितलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांना ऑफिसात यायची गरजच पडणार नाही, आणि ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस या. आणि गंमत म्हणजे विप्रो १९४५ मध्ये आमच्या अमळनेरातच सुरू झाली, वनस्पती तेलाची गिरणी म्हणून. तेव्हा कारखाना गावात चालला, आता लॅपटॉपवरचं काम गावात चालत नाही.

घरून काम म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. लाईट जाते, इन्व्हर्टर दुपारनंतर मान टाकतो, वायफायवाला फोन उचलत नाही. नवीन पोरांनी तर पहिलं वर्षभर ऑफिसातच बसावं, शेजारच्या सीनियरचा स्क्रीन बघून जे शिकायला मिळतं ते कॉलवर मिळत नाही, मी तसाच शिकलो. आणि गावात तुमची नोकरी कोणी खरी मानत नाही. मावशी दर वेळी विचारते, "काय रे भाऊ, नोकरी गयी का तुनी?" एका स्थळाने तर मुलगा घरीच असतो म्हणून पुढे विचारलंच नाही. पगाराची स्लिप दाखवायची तयारी होती आमची. हे सगळं लेखात यायला हवं होतं, त्याऐवजी फोटो कसला तर समुद्रकिनारी झोपाळ्यात पाय पसरून लॅपटॉप घेतलेली गोरी बाई. एप्रिलमध्ये आमच्या माडीवर येऊन बसवा तिला, पत्रे तापलेले असतात.

बोलवायचंच तर दीड-दोन महिन्यांनी सलग आठवडाभर बोलवा, सगळी टीम एकाच गावात, एकाच खोलीत, खुर्चीसकट. कोणीही येईल. पण मग स्वाइप कसे मोजणार, नाही का.

आणि विषय निघालाच आहे तर, एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडं खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांना घेता येत नाही असा सरकारी नियम २०१८ पासून आहे. दिवाळीत पुण्याहून धुळे-अमळनेरला यायचं तिकीट काढून बघा, तिप्पट सांगतात, वर "पाहिजे तर घ्या" म्हणतात. सुवर्णमध्यावर अर्धं पान देता तर यावर चार ओळींची बातमी तरी छापा, दिवाळीच्या आधी, नंतर नको.

आपला,
एक वाचक, अमळनेर
(नाव छापू नये, आमच्या एचआरमध्ये एकजण चाळीसगावचा आहे.)