जुन्या फोनच्या कुलपाची किल्ली मालकाकडे द्या : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

माझ्या टेबलावर दोन जुने फोन आहेत. दोन्हींचे अपडेट केव्हाच बंद झाले, पण स्क्रीन, वाय-फाय, बॅटरी ठणठणीत आहे. एक रोज राबतो, दुसरा पडून आहे. पहिल्याचा बूटलोडर, म्हणजे कोणती सिस्टिम चालवायची हे ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, मला उघडता आला, दुसऱ्याचा नाही.

पहिल्याचं काम एका संध्याकाळचं होतं. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरलं, केबलने फोन संगणकाला जोडला, फास्टबूटमधून (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) अनलॉकची कमांड दिली. सगळा डेटा पुसला जाईल, अशी सूचना स्क्रीनवर आली. होकार दिला आणि पोस्टमार्केटओएस ही अँड्रॉइडऐवजी चालणारी सिस्टिम चढवली. अल्पाइन लिनक्सवर (मुक्त लिनक्स प्रणालीची एक छोटी आवृत्ती) उभी असलेली ही सिस्टिम २०१७ पासून स्वयंसेवक घडवत आहेत. आता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एपीके अ‍ॅड' आणि पुढे सॉफ्टवेअरचं नाव लिहायचं; रिपॉझिटरीतून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन कोठारातून, पॅकेज उतरतं, त्याची डिजिटल सही तपासली जाते, लागणाऱ्या लायब्ररी (त्याला साहाय्य करणारे कोड) आपोआप येतात. तो फोन आज घरच्या फायलींचा सर्व्हर आहे. कॅमेरा मात्र चालत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, बंदिस्त आहे.

दुसऱ्या फोनचा अनलॉक कोड कंपनीच्या साइटवर मिळायचा. मी गेलो तोवर ते पानच काढून टाकलं होतं. फोन माझा, पैसे मी मोजले, आणि किल्ली कोणाकडेच नाही!

दहा वर्षांच्या लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्सचीच आवृत्ती टाकायला सहसा कोणाची परवानगी लागत नाही. फोनही संगणकच आहे, अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे. मग इथे वेगळा न्याय का?

सुरक्षेचं कारण पुढे केलं जाईल. पण अनलॉक करताना डेटा पुसला जातो, तेव्हा चोराच्या हाती मालकाचे फोटो-मेसेज लागत नाहीत. गूगलच्या पिक्सेल फोनांत तर मालकाला स्वतःची डिजिटल किल्ली बसवून बूटलोडर पुन्हा बंदही करता येतो. म्हणजे सोय आणि सुरक्षा एकत्र नांदू शकतात.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनना किमान ५ वर्षं अपडेट देण्याचे नियम लागू केले, ते चांगलंच झालं. पण मुदत संपल्यावर काय? माझी मागणी तिथूनच सुरू होते. ज्या दिवशी कंपनी अपडेट थांबवेल, त्या दिवशी तिने बूटलोडर उघडण्याची सोय विनाशुल्क, विनाअर्ज द्यावी आणि ती कायम चालू ठेवावी. कर्नलचा सोर्स कोड (मूळ लिहिलेला प्रोग्रॅम) देणं जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याने तसंही बंधनकारक आहे. त्याची अंमलबजावणी व्हावी, आणि कॅमेरा, मॉडेमच्या ड्रायव्हरची तांत्रिक माहितीही खुली व्हावी. हा नियम आधी विकलेल्या फोनांनाही लागू करा, ही विशेष विनंती.

दुसरा फोन मी भंगारात दिलेला नाही. महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवतो.

आपला नम्र,
एक लिनक्स वापरकर्ता