कुंभार्लीत गरम झालेल्या गाडीबद्दल

पुणे, १२ मे

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही "काही नाही गं, जरासा चटका बसला" म्हणालात. पण आईने मनगटाचा फोटो पाठवला आणि त्या रात्री माझा डोळा लागला नाही. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र.

पोफळी सोडली की कुंभार्ली घाटाचा चढ लागतो. भर दुपार, एसी चालू, मागे आंब्याच्या पेट्या. तापमानाचा काटा लालला टेकला, बॉनेटमधून वाफ आली आणि तुम्ही पंचा गुंडाळून रेडिएटरचं, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीचं, टोपण फिरवलंत. बाबा, ते टोपण आतला दाब धरून ठेवतं, दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.९ किलोचा. त्या दाबाखाली पाणी शंभरला उकळत नाही, ११८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपण सैल झालं की दाब जातो आणि शंभराच्या वर तापलेलं पाणी एका क्षणात उकळून वाफेसकट अंगावर येतं. त्यापुढे पंचा काय टिकणार? रेडिएटरला जोडलेला वरचा रबरी होज पाइप मुठीत आरामात धरता येत नाही तोवर टोपणाला हात लावायचा नाही. तास गेला तरी चालेल. आणि तापलेल्या इंजिनात ओढ्याचं गार पाणी एकदम ओतायचं नाही. आपल्या मारुती आठशेचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे, ते वाकलं तर खर्च मोठा येतो.

मला खरी काळजी वेगळीच आहे. आई बोलता बोलता म्हणाली, "हल्ली दर रविवारी लिटरभर पाणी लागतंच की." म्हणजे घाटात झालं त्याची सुरुवात केव्हाच झाली होती. रेडिएटरचं हे पाणी बंद चक्रात फिरतं, ते असं कमी व्हायलाच नको. लिटरभर कमी होतंय तर ते कुठेतरी जातंय, आणि कुठे जातंय हे शोधायच्या आधी वरून ओतत राहणं मला पटत नाही. त्यातून ते बोअरचं पाणी! आपल्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ना, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. मग सपाट रस्त्यावर गाडी निभावते आणि घाटात मान टाकते.

उद्या सकाळी गाडी गार असताना एवढं बघाल का? आईला बॅटरी धरायला सांगा, तुमच्यापेक्षा तिची नजर चांगली आहे. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवा, डाग कुठे पडतो ते सकाळी कळेल. होज पाइप दाबून बघा, विशेषतः क्लिपपाशी: फुगलेला, चिरलेला किंवा फार मऊ झालेला असेल तर तो बदलायचाच. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथे ओल किंवा गंजाचा ओघळ दिसला, तर पंपाचं सील गेलं असं समजा. मग ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा. तिथे दुधाळ चहासारखा फेस असेल, किंवा गाडी चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेटची, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगची, शंका. तसं असेल तर मी येईपर्यंत गाडी अजिबात चालवू नका.

हे काही दिसलं नाही, तर टोपण नीट बसवून, एसी बंद ठेवून गाडी जागेवरच चालू करा. काटा मध्याच्या जरा वर गेला की पंखा आपोआप फिरला पाहिजे. नाही फिरला तर लगेच गाडी बंद करा. आधी फ्यूज बघा, मग पंख्याच्या स्विचची वायर. पंखा फिरतोय, पण वरचा होज कढत आणि खालचा गारच, असं असेल तर एकतर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) अडकलाय किंवा रेडिएटर चोक झालाय.

थर्मोस्टॅट म्हटलं की मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी आठवीत होते. तुम्ही आईच्या जुन्या पातेल्यात पाणी तापवून तो दोऱ्याने टांगला होतात, आणि मला म्हणालात, "नुसती बघ." पाणी उकळायच्या जरा आधी त्याची ती पितळी चकती हळूच उचलली गेली. मी टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणून सांगते, कुणी मेस्त्री "काढूनच टाकू, गाडी थंड राहील" म्हणाला तर ऐकू नका. इंजिन गारठलेलं राहिलं की पेट्रोल जास्त खातं, झीजही वाढते, आणि चोक झालेला रेडिएटर काही त्याने मोकळा होत नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतेय. नवं टोपण, कुलंट आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर घेऊन येईन. रेडिएटर धुऊन, सगळं जुनं पाणी काढून, निम्मं कुलंट निम्मं पाणी असं भरू. तोवर गाडी बाहेर काढू नका, मंडईत रिक्षाने जा.

आई, फोडावर कोरफड किंवा टूथपेस्ट लावू देऊ नकोस, डॉक्टरांनी दिलेलं मलमच लाव. आणि ते जुनं पातेलं माळ्यावर असेल तर काढून ठेव, यावेळी दोरा मी धरणार.

तुमची,
धाकटी