संकष्टीचा उपास आणि चंद्रोदयाची वेळ

चिरंजीव बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

नागपूरला बिऱ्हाड थाटल्यावर संकष्टीचा उपास आता स्वतः धरायचा असे तू ठरवलेस, हे वाचून मला फार समाधान वाटले. चंद्रोदयाची वेळ दर महिन्याला मी मुंबईहून कळवावी, असे तू लिहिले आहेस. ती मात्र मी कळवणार नाही, कारण आमची वेळ तुला चालायची नाही. नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथे चंद्र मुंबईपेक्षा साधारण 25 मिनिटे आधी उगवतो, आणि आपण ज्या गावी असतो तिथल्याच चंद्रोदयाला उपास सोडायचा असतो. दिनदर्शिकेत शहरवार वेळा दिलेल्या असतात. त्यांतली नागपूरची पाहत जा.

दिवसही चंद्रोदयावरूनच ठरतो. त्या वेळी कृष्ण चतुर्थी असावी लागते, म्हणून सकाळी तृतीया असली तरी पुष्कळदा संकष्टी त्याच दिवशी येते. तेव्हा गोंधळून जाऊ नकोस.

दिवसभर पोटाला थोडा आधार म्हणून दूध, फळे किंवा वाटीभर साबुदाण्याची खिचडी घ्यायला हरकत नाही. पण सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस आणि चार वाजता राजगिऱ्याचे लाडू असे सारखे खात राहिलास, तर रात्री चंद्राची वाट पाहण्यात काय राहिले? ती वाट पाहणे हाच मला या व्रताचा गाभा वाटतो.

संध्याकाळी स्नान करून, आचमन व संकल्प करून पूजेला बसावे. मूर्तीला पंचामृताचे आणि मग शुद्ध पाण्याचे स्नान घालून गंध, अक्षता, जास्वंदीचे फूल वाहावे. तुळस मात्र वाहू नये. दूर्वांच्या बाबतीत घाई करू नकोस. बाजारातल्या जुडीत जून काड्या आणि साधे गवतही मिसळलेले असते, ते काढून कोवळ्या, तीन किंवा पाच पात्यांच्या 21 दूर्वा निवडाव्यात, धुऊन देठाशी एकत्र बांधाव्यात आणि टोके आपल्याकडे येतील अशा वाहाव्यात. त्यानंतर अथर्वशीर्ष सावकाश, उच्चार सांभाळून म्हणावे. एकवीस मोदक एकट्याने वळणे तुला जमणार नाही. गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य मनापासून दाखवलास तरी चालेल.

चंद्र उगवला की ताम्हनात गंध, अक्षता आणि फूल घालून पळीने अर्घ्य द्यावे, नमस्कार करावा आणि आरती करून जेवायला बसावे. एकादशी दुसऱ्या दिवशी द्वादशीला सुटते, तसे इथे नाही. हा उपास त्याच रात्री वरणभात जेवून सोडायचा. पावसाळ्यात आभाळ भरून आले आणि चंद्र दिसलाच नाही, तर दिलेली वेळ टळल्यावर पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यावे. उपाशी झोपू नये.

मंगळवारी संकष्टी आली की अंगारकी. त्या दिवशी टेकडीच्या गणपतीला फार मोठी रांग लागते, म्हणून दर्शनाला पहाटेच जा, म्हणजे संध्याकाळची घरची पूजा धावपळीत उरकावी लागणार नाही. ताप असेल किंवा औषध चालू असेल, तर त्या महिन्यात वेळेवर जेवून नुसती पूजा आणि अर्घ्य केलेस तरी पुरे.

तुझी,
आई