मामा, स्प्रिंगचा आलेख सरळ आला!

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

रॉबर्ट हूकने 1678 मध्ये छापलेला नियम (स्प्रिंगची वाढ तिला लावलेल्या भाराच्या प्रमाणात असते) फळ्यावर शिकवायला दहा मिनिटं पुरतात. पण मुलांच्या वहीत आलेखाचे बिंदू एका रेषेत बसतात ते तुम्ही प्रयोगशाळेत आधीच लावून ठेवलेल्या मांडणीमुळे. त्याबद्दल तुमचे जाहीर आभार. इतर शाळांनाही या युक्त्या कळाव्यात, म्हणून जरा तपशिलात लिहितो आहोत.

सगळ्यात आधी रिकाम्या हँगरबद्दल, म्हणजे वजनाच्या चकत्या ठेवायच्या आकड्याबद्दल. घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग मुळातच आवळलेली असते. वेटोळी एकमेकींपासून सुटेपर्यंत ती लांबतच नाही, त्यामुळे सुरुवातीची वाचनं शून्याला चिकटतात आणि मुलांना नियमच खोटा वाटतो. तुम्ही 50 ग्रॅमचं हँगर आधीच अडकवता, वेटोळ्यांत फट दिसते का पाहता, नसेल तर आणखी एक चकती चढवता आणि स्प्रिंगचा काटा पट्टीवर असेल तिथे शून्य धरायला सांगता. मग आमच्या स्प्रिंगला दर 50 ग्रॅममागे, म्हणजे 0.49 न्यूटनला, 2 सेंटिमीटर वाढ मिळते. 300 ग्रॅमला 12. स्प्रिंगचा स्थिरांक, म्हणजे बल भागिले वाढ, 24.5 न्यूटन प्रति मीटर.

काटा पट्टीला जवळजवळ टेकलेला, पण घासत नाही, हेही तुमचंच काम. पट्टीचा शून्य वर असताना मुलं उभ्यानेच वाकून बघतात आणि वाचन दोन मिलिमीटर जास्त येतं. 2 सेंटिमीटरच्या वाढीत ती 10 टक्के चूक झाली! डोळे काट्याच्या पातळीत यावेत म्हणून टेबलाशेजारी ठेवलेल्या बुटक्या स्टुलांचा अर्थ आता त्यांना कळतो. (वाढीऐवजी पूर्ण लांबी मांडणारे दरवर्षी असतातच. त्यांची रेष आरंभबिंदूतून जात नाही, पण चढ बरोबर येतो, म्हणून थोडेच गुण कापतो.)

स्प्रिंगांना बांधलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्यांसाठी वेगळे आभार. वजनं उतरवताना काटा शून्यावर परतला नाही, तर स्थितिस्थापक मर्यादा ओलांडली गेली. गंमत म्हणजे अशी स्प्रिंग पुढेही बऱ्यापैकी सरळ रेष देते, फक्त तिची मूळ लांबी बदललेली असते. म्हणून ती चांगल्या स्प्रिंगांत मिसळली तर ओळखू येत नाही. चिठ्ठीवर लांबी लिहिलेली असल्याने पट्टी लावताच सापडते.

स्टँडच्या बैठकीवरच्या विटेमुळे स्टँड कलंडून वजनं कुणाच्या पायावर पडत नाहीत, हे राहिलंच.

आता एक विनंती. पुढच्या तासाला सारख्या दोन स्प्रिंगा एकीखाली एक टांगायच्या आहेत. स्थिरांक निम्मा होईल, 300 ग्रॅमला 24 सेंटिमीटर वाढ येईल. तेव्हा उंच स्टँड आणि मीटरपट्टी काढून ठेवाल का?

आपले,
भौतिकशास्त्राचे शिक्षक