श्रेष्ठत्व ठरवायचे तर प्रतिस्पर्धी कोण होता ते पाहावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बुद्धिबळाच्या इतिहासातील सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, या प्रश्नावर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत चाललेली चर्चा मी आस्थेने वाचत आलो आहे. डिसेंबर २०२४ मध्ये डी. गुकेशने सिंगापूरला डिंग लिरेनचा ७.५-६.५ असा पराभव करून अठराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवले आणि पुढच्याच वर्षी नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून एरवी या खेळाकडे न वळणारी माणसेही त्याविषयी उत्सुकतेने बोलू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु आतापर्यंतच्या बहुतेक पत्रांत रेटिंगचे, म्हणजे खेळाडूचे बळ दाखवणाऱ्या गुणांचे, आकडे एकाखाली एक मांडून निकाल दिलेला दिसतो. ज्याचा आकडा मोठा तो श्रेष्ठ, असा हा हिशेब आहे. हे माप मला मान्य नाही. ते का मान्य नाही आणि दुसरे कोणते माप लावले असता माजी जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हचेच नाव पुढे येते, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रेटिंगची पद्धत प्राध्यापक आर्पाड एलो यांनी बसवली आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. या पद्धतीत खेळाडूला मिळणारा आकडा हा त्याच काळात खेळणाऱ्या इतर खेळाडूंच्या तुलनेतला असतो. त्यामुळे मॅग्नस कार्लसनचे मे २०१४ मधील २८८२, कास्पारोव्हचे जुलै १९९९ मधील २८५१ आणि बॉबी फिशरचे १९७२ मधील २७८५ हे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करणे मुळातच चुकीचे आहे. तुलना करायचीच असेल, तर त्या त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर कोण होता आणि तो किती मागे होता, हे पाहावे लागेल. फिशरच्या मागे बोरिस स्पास्की २६६० वर होता, म्हणजे अंतर १२५ गुणांचे. कार्लसनच्या मागे लेव्हॉन अरोनियन २८१५ वर होता, म्हणजे अंतर ६७ गुणांचे. केवळ या मापाने पाहिले तर फिशर सर्वांच्या पुढे जातो आणि मोठा आकडा पुढे करणाऱ्यांचा मुद्दा तेथेच निकालात निघतो.

संगणकाकडून चालींची अचूकता तपासून घ्यावी, अशीही एक सूचना आली आहे. ही सूचना वरवर शास्त्रीय वाटली, तरी तिच्यात दोन अडचणी आहेत. आजचा कोणताही ग्रँडमास्टर संगणकाजवळच शिकलेला असल्यामुळे त्याच्या चाली संगणकाच्या पसंतीच्या निघणार, यात त्याच्या पूर्वसुरींचा काही दोष नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ज्याला साधी, मोकळी स्थिती आवडते त्याच्या हातून चुका कमी होतात आणि जो जाणूनबुजून पट गुंतागुंतीचा करतो त्याच्या हातून जास्त होतात, पण त्याच गुंतागुंतीत प्रतिस्पर्धी त्याच्याहून अधिक चुकत असतो. अशा काही संगणकीय अभ्यासांत होझे राऊल कापाब्लांका फार वर येतो, याचे कारण त्याची स्वच्छ शैली हे आहे. मिखाईल ताल मात्र अशा मोजणीत मागे पडतो, आणि हाच ताल १९६० मध्ये तेविसाव्या वर्षी बोटविनिकला हरवून जगज्जेता झाला होता. समोर बसलेल्या माणसावर पडणारा दबाव संगणकाला मोजता येत नाही, आणि बुद्धिबळ दोन माणसांत खेळले जाते.

म्हणून माझे माप असे आहे की, त्या खेळाडूच्या काळातला सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी कोण होता, त्याच्याशी तो किती वेळा आणि किती प्रदीर्घ लढला, आणि त्यानंतर पुढच्या पिढीसमोर किती काळ टिकला, हे पाहावे. हे माप लावले की अनेक थोर नावांच्या दाव्यांना मर्यादा पडतात. इमॅन्युएल लास्कर १८९४ ते १९२१ अशी २७ वर्षे जगज्जेता होता आणि वयाच्या ५५व्या वर्षी त्याने न्यूयॉर्कची १९२४ची स्पर्धा जिंकली, ही गोष्ट विलक्षणच आहे. तरीही १८९७ ते १९०७ या काळात त्याने जगज्जेतेपदाचा एकही सामना खेळला नव्हता. कापाब्लांका १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षे एकही डाव हरला नाही. परंतु १९२७ मध्ये ब्यूनोस आयरिसला अलेक्झांडर अलेखिनने त्याला ३४ डावांच्या सामन्यात सहा विरुद्ध तीन विजयांनी हरवले आणि नंतर पुन्हा सामना दिला नाही. आव्हान देणाऱ्याने दहा हजार डॉलर उभे करावेत हा नियम कापाब्लांकानेच पुढाकार घेऊन करून घेतला होता आणि पुढे तो त्याच्याच आड आला. अलेखिनने मात्र त्यानंतर बोगोल्युबॉव्हसारख्या तुलनेने सोप्या प्रतिस्पर्ध्याशी दोनदा सामना खेळला. हे मला अलेखिनच्या बाजूने फारसे प्रशंसनीय वाटत नाही.

फिशरविषयी लिहिताना माझे मन दोन ठिकाणी ओढले जाते. १९७१ मध्ये त्याने जगज्जेत्याचा प्रतिस्पर्धी ठरवणाऱ्या आव्हानवीरांच्या सामन्यांत तैमानोव्हला ६-० आणि लार्सनला ६-० असे हरवले. जगातल्या पहिल्या दहा-वीस खेळाडूंत गणल्या जाणाऱ्या या दोघांना एक बरोबरीही मिळू नये, असे त्यापूर्वी या पातळीवर घडले नव्हते. पाठोपाठ त्याने माजी जगज्जेत्या पेट्रोशियनला ६.५-२.५ आणि १९७२ मध्ये रेकयाविकला स्पास्कीला १२.५-८.५ असे हरवले. सोव्हिएत संघाच्या संपूर्ण यंत्रणेविरुद्ध एकटा उभा राहून जिंकलेला हा माणूस होता. त्या दोन वर्षांचाच प्रश्न असता, तर मी फिशरचेच नाव लिहिले असते. पण स्पास्कीला हरवल्यानंतर तो एकही अधिकृत डाव खेळला नाही. १९७५ मध्ये अनातोली कार्पोव्ह आव्हानवीर म्हणून उभा राहिला, तेव्हा सामना अमर्याद डावांचा असावा ही फिशरची मागणी मान्य झाली, परंतु विजयांची ९-९ अशी बरोबरी झाल्यास किताब आपल्याकडेच राहावा ही मागणी फिडेने नाकारली, आणि फिशर पटावर आलाच नाही. कार्पोव्हसारखा प्रतिस्पर्धी समोर असताना न खेळलेल्या सामन्याचे श्रेय त्याला कसे देता येईल?

आता कास्पारोव्ह. त्याचा सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी होता हाच कार्पोव्ह, आणि १९८४ ते १९९० या काळात त्या दोघांनी जगज्जेतेपदासाठी पाच सामने व एकूण १४४ डाव खेळले. त्यांतले २१ कास्पारोव्हने जिंकले, १९ कार्पोव्हने जिंकले आणि १०४ बरोबरीत सुटले. दोन विजयांचा फरक! जगज्जेतेपदाच्या लढतीत एका जोडीने इतके डाव खेळल्याचे दुसरे उदाहरण नाही. फरक एवढा थोडा आहे म्हणजे कास्पारोव्ह लहान ठरतो, असे काही जणांना वाटेल. मला त्यातच त्याचे मोठेपण दिसते, कारण कार्पोव्ह हा उतरणीला लागलेला जगज्जेता नव्हता. पाचही सामने संपल्यानंतर १९९४ साली लिनारेसच्या स्पर्धेत १३ पैकी ११ गुण मिळवून त्याने कास्पारोव्हला अडीच गुणांनी मागे टाकले होते.

त्यांचा पहिला सामना सप्टेंबर १९८४ मध्ये मॉस्कोत सुरू झाला. जो आधी सहा डाव जिंकेल तो विजयी, असा नियम होता. नऊ डावांनंतर एकवीस वर्षांचा कास्पारोव्ह ०-४ ने मागे होता. पुढचे सलग १७ डाव बरोबरीत सुटले आणि २७वा डाव जिंकून कार्पोव्ह ५-० असा पुढे गेला. आता एकच विजय हवा होता, आणि तो एक विजय कार्पोव्हला पुढच्या २१ डावांत मिळाला नाही. उलट कास्पारोव्हने ३२वा, ४७वा आणि ४८वा डाव जिंकला. फेब्रुवारी १९८५ मध्ये फिडेचे अध्यक्ष काम्पोमानेस यांनी खेळाडूंच्या थकव्याचे कारण देऊन सामना निकालाविना थांबवला. त्या निर्णयाची चर्चा आजही होते, पण त्या २१ डावांत हा तरुण दररोज पराभवाच्या काठावर बसून शिकत होता, ही गोष्ट मला त्या वादाहून महत्त्वाची वाटते. त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या सामन्यातल्या १६व्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने पांढऱ्याच्या बाजूच्या तिसऱ्या ओळीतल्या डी३ घरात घोडा रोवून पांढऱ्याचा सगळा डाव जखडून टाकला. कार्पोव्हला किताब राखण्यासाठी २४वा डाव जिंकणे भाग होते. कास्पारोव्हने तोही काळ्या मोहऱ्यांनीच जिंकला आणि २२व्या वर्षी तो जगज्जेता झाला.

याहूनही मला १९८७ चा सेव्हिलचा सामना निर्णायक वाटतो. तेथे २३व्या डावात एका संयोजनाचा, म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या चालींच्या मालिकेचा, हिशेब करताना कास्पारोव्ह चुकला आणि कार्पोव्ह १२-११ असा पुढे गेला. किताब वाचवण्यासाठी शेवटचा डाव जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. बरोबरीसुद्धा पुरेशी नव्हती. अशा वेळी आक्रमक म्हणून ख्यात असलेला खेळाडू पहिल्या चालीपासून तुटून पडेल, अशी सर्वांची अपेक्षा असणार. त्याने मात्र सी४, म्हणजे वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवून, अशी शांत सुरुवात केली, वजिरावजिरी टाळली, शक्य तेवढी मोहरी पटावर ठेवली आणि कार्पोव्हला एकेक चाल विचार करून काढायला लावली. कार्पोव्हची वेळ संपत आली, एक प्यादे पडले आणि डाव तहकूब झाला. दुसऱ्या दिवशी वजीर आणि उंट विरुद्ध वजीर आणि घोडा असा, सगळी प्यादी राजाच्या बाजूला असलेला तो शेवट, जो पुष्कळदा बरोबरीत सुटतो, त्याने चिकाटीने जिंकून नेला. सामना १२-१२ असा बरोबरीत संपल्यामुळे किताब आधीच्या जगज्जेत्याकडे, म्हणजे त्याच्याकडेच राहिला. त्या डावात कास्पारोव्ह जिंकला तो कार्पोव्हच्या पद्धतीने, प्रतिस्पर्ध्याकडून शिकलेली गोष्ट त्याच्याचविरुद्ध वापरून.

पुढच्या पिढीपुढेही तो तसाच टिकला. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आपला विश्वनाथन आनंद त्याच्यासमोर बसला. पहिले आठ डाव बरोबरीत सुटले, नववा आनंदने जिंकला आणि त्यानंतरच्या पाच डावांत कास्पारोव्हने चार विजय मिळवून सामना अखेर १०.५-७.५ असा घेतला. १९९९ मध्ये वाईक आन झी येथे टोपालोव्हविरुद्ध २४व्या चालीला हत्तीचा बळी देऊन त्याने काळ्या राजाला पांढऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत ओढत आणले, तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. १९८४ पासून २००५ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो जवळजवळ सलग जगात पहिल्या क्रमांकावर होता. १९९६ च्या सुरुवातीला व्लादिमीर क्रॅमनिक त्याच्या बरोबरीला आला होता, हा त्यातला एक अपवाद.

त्याच्या विरोधातले मुद्दे मी दडवणार नाही. १९९३ मध्ये फिडेपासून फुटून त्याने स्वतंत्र सामना खेळला आणि जगज्जेतेपद २००६ पर्यंत दुभंगलेले राहिले. १९९८ मध्ये शिरोव्हने क्रॅमनिकला हरवून आव्हान देण्याचा हक्क मिळवला होता, तरी पैसा उभा न राहिल्याने त्याला सामना मिळाला नाही आणि २००० साली संधी मिळाली ती हरलेल्या क्रॅमनिकला. हा शिरोव्हवर अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे. लंडनच्या त्या सामन्यात कास्पारोव्ह १५ डावांत एकही विजय न मिळवता ८.५-६.५ असा हरला, हेही खरे. डीप ब्लू या संगणकाकडून १९९७ मध्ये झालेला पराभव मात्र मी या हिशेबात धरत नाही, कारण प्रश्न माणसांपैकी श्रेष्ठ कोण एवढाच आहे.

आनंदविषयी वाचकांना वाटणारे प्रेम मलाही आहे. बाद फेरीची स्पर्धा, साखळी स्पर्धा आणि समोरासमोरचा सामना अशा तिन्ही पद्धतींत त्याने जगज्जेतेपद मिळवले आहे आणि भारतातील आजची सारी पिढी त्याच्यामुळे उभी राहिली आहे. पण कास्पारोव्हसमोरचा त्याचा हिशेब डोळ्यांआड करून केवळ तो आपला म्हणून त्याला पहिला क्रमांक देणे, हे आनंदलाही रुचणार नाही.

खरा प्रतिवाद कार्लसनचाच आहे. जुलै २०११ पासून तो सातत्याने पहिल्या क्रमांकावर आहे, १२५ डाव तो अपराजित राहिला, आणि जलद व अतिजलद प्रकारांतही त्याने अनेक विश्वविजेतेपदे मिळवली आहेत. खेळाचे शुद्ध कौशल्य पाहिले तर आजवर पटावर बसलेल्यांत तो सर्वांत बलवान असू शकतो, हे मी मान्य करतो. पण २०१८ मध्ये लंडनला त्याच्या अगदी बरोबरीचा प्रतिस्पर्धी, म्हणजे फक्त तीन गुणांनी मागे असलेला फॅबियानो कारुआना, समोर आला तेव्हा बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर लागला. संगणकी तयारीच्या या काळात बरोबरी सोपी झाली आहे, हे त्याचे अंशतः समर्थन होऊ शकेल. त्यानंतर २०२२ मध्ये त्याने किताब राखण्यासाठी खेळायचेच नाही, असे ठरवले. पुढे गुकेश जगज्जेता झाला, पण त्या किताबासाठी कार्लसन आणि गुकेश यांची गाठ पडली नाही. कास्पारोव्हने कार्पोव्हशी पाच वेळा जे केले ते कार्लसनने कोणाशीही केलेले नाही, आणि माझा कौल तेवढ्यावरच थांबतो.

जाता जाता एक विनंती. आपल्या क्रीडापानावर बुद्धिबळाच्या बातमीत निकाल असतो, पण डाव नसतो. या चर्चेच्या निमित्ताने सेव्हिलचा तो २४वा डाव सर्व चालींसह आणि पटाच्या दोन-तीन आकृत्या देऊन छापावा, आणि ज्यांना फिशर, कार्लसन किंवा अन्य कोणी श्रेष्ठ वाटतो त्यांनी आपापल्या बाजूचा एकेक डाव कळवावा, म्हणजे वाचकांना पट मांडून चाली स्वतः तपासता येतील.

आपला,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक,
सांगली